म्हस्कूच्या घोडीवरची चाळीस पुस्तकं

सुलक्षणाबाई आमच्या वस्तीवर पहिल्यांदा आली तवा तिच्या एका चपलेचा अंगठा तुटलेला होता. कासुर्डी फाट्यावर यष्टीतनं उतरून दीड किलोमीटर चालत आली, एक चप्पल पायात आन् एक हातात. मी शाळेच्या पडवीत खिचडीचे तांदूळ निवडत होते. म्हणलं, "कोण गं तू? चपला विकतीस का?"

तर म्हणती कशी, "न्हाई मावशी, मी शिक्षणसेविका. शाळा हीच ना?"

एवढीशी काटकी. पोरांच्यात उभी केली असती तर हजेरी घेणारी कोण आन् देणारी कोण ते कळलं नसतं. बाप दौंडला रेल्वेत, म्हणून बोलणंबी सिग्नल पडल्यासारखं, जेवढ्यास तेवढं. राहायची यवतला, भाड्याच्या खोलीत. शिक्षणसेविका म्हंजी तीन वर्षं अर्ध्या कच्च्या नोकरीवर राबायचं. शेरा चांगला पडला तर कायम, न्हाईतर चपला हातात घेऊन आल्या वाटंनं घरी.

मी शाळेत खिचडी शिजवायची. झुंबरबाई माझं नाव, पण पोरं झुंबरमावशी म्हणतात, आन् तीबी पहिल्या दिवसापासनं मला मावशीच म्हणती. गुरुजींच्या म्होरं मी तिला 'बाई, तुम्ही' म्हणायची. एकटी असली की, "सुले, जेवलीस का गं?"

आमची वस्ती धनगराची. आता सगळ्यांच्या विहिरी झाल्या, ऊस लागला, मेंढरं ठेवणारी तीनच घरं उरली. त्यातलं एक माझ्या भावाचं, म्हस्कूचं. दिवाळी झाली की ही तीन घरं घोडीवर संसार लादून मेंढरांमागं निघायची, ती पाऊसकाळाच्या तोंडावर परत. बरोबर सहा पोरं जायची. म्हस्कूची प्रगती त्यातली थोरली, चौथीतली. आठ महिन्यांनी पोरं परत आली की सुलक्षणाबाई पाटीवर 'क' काढायला सांगायची, आन् पोरं तिच्या तोंडाकडं बघायची. त्या दिवशी तिला खिचडी गिळायची न्हाई.

शाळेत एक लोखंडी कपाट होतं. त्याच्या खालच्या कप्प्यात चाळीस गोष्टींची पुस्तकं, सरकारनं दिलेली, प्लास्टिकच्या पिशव्यासुद्धा न काढलेली. किल्ली साहेबराव गुरुजींच्या बंडीच्या आतल्या खिशात, वरून टाचणी. गुरुजी माणूस वाईट न्हाई, पण पुस्तक म्हणलं की त्यांना घाम फुटायचा. आधीच्या शाळंत एक पुस्तक हरवलं तर वर्षभर खुलासे लिहीत बसले होते. तवापासनं त्यांनी ठरवलं, पोरांनी पुस्तकं बघायची ती कपाटाच्या काचंतनं. आन् कपाटाला काच नव्हती.

मग बाईनं दुसरी वाट काढली. शनिवारी सकाळची शाळा सुटली की यवतला माऊलीच्या सायबर कॅफेत जायची. तीन कॉम्प्युटर, मधी प्लायवूड, आत कॉलेजची पोरं. एकट्या पोरीनं तिथं बसायचं म्हंजी गावाला चघळायला विषय. म्हणून मी संगं जायची. तिच्या मागं स्टुलावर बसायची आन् कुणी डोकावला की म्हणायची, "काय रं, तुझी आय हाय का आत?"

हे दोन हजार आठ साल. तवा ऑर्कुट होतं. ऑर्कुट म्हंजी काय, तर प्रत्येकाला एक भिंत, तिच्यावर कुणीबी लिहायचं आन् सगळ्या गावानं वाचायचं. त्यात मास्तरांचा एक घोळका होता. कुणी चिंचोक्याचं गणित सांगायचं, कुणी वाचनाची कार्डं टाकायचं. बाई ती छापून घ्यायची, मी खळ लावून पुठ्ठ्यावर चिकटवायची. त्या घोळक्यात एकजण होता हौसराव नावाचा, शिरूर तालुक्यातला. फोटोच्या जागी पोपट.

"ह्या पोपटाला नंबर द्यायचा न्हाई, त्याचाबी घ्यायचा न्हाई," मी पहिल्याच दिवशी सांगितलं.

"मावशी, मास्तर आहेत ते."

"पोपटाआड कोण हाय ते कुणाला दिसतंय? मास्तर असता तर तोंड लावलं असतं."

पण पोपटाची अक्कल मोठी. ऊसतोडीवाल्यांच्या पोरांसाठी त्यानं युरियाच्या गोण्यांचा पडदा शिवला होता, त्याला खिसे, खिशात पुस्तकं. झाडाला टांगायचा, कोप, म्हंजी त्यांची पाचटाची झोपडी, हलली की गुंडाळून गाडीवर टाकायचा. बाई त्या फोटोकडं बघत राहिली. मग माझ्याकडं वळली. मी म्हणलं, "माझ्याकडं काय बघतीस? माझी मशीन कापड शिवती, गोणी न्हाई." तिसऱ्या दिवशी मी निळ्या ताडपत्रीला खिसे मारत बसले होते. आठ उभे, पाच आडवे. माझ्या दोन सुया मोडल्या.

दिवाळीच्या तोंडाला गुरुजी आठवडाभर दौंडला ट्रेनिंगला गेले. खडू कपाटात, म्हणून किल्ली बाईकडं दिली. तेवढ्यात चाळीस पुस्तकं खिशात गेली, खडूचा खोका टेबलाच्या खणात आला, म्हंजी गुरुजींना कपाट उघडायचं कारण उरलं न्हाई. ही खडूची अक्कल माझी. बाईनं प्रगतीच्या हातात एक शंभरपानी वही दिली. "कुणी कुठलं पुस्तक नेलं, कुठं नेलं, कवा आणून दिलं, सगळं लिहायचं. गिचमिड चालंल, पण खरं लिहायचं." पोरीनं मान डोलावली. म्हस्कूनं पडदा घोडीवर तव्याच्या वर बांधला. म्हणला, "बाई, तुमच्या पुस्तकाला मेंढरू तोंड लावणार न्हाई. मी हाय."

तीन महिने सुखाचे गेले. फेब्रुवारीतल्या एका सोमवारी पत्र आलं. शुक्रवारी विस्तार अधिकारी साहेब शाळा तपासणार, ग्रंथालयासकट.

गुरुजींनी टाचणी काढली, किल्ली काढली, कपाट उघडलं. खालच्या कप्प्यात एक पाल होती. तीबी निघून गेली.

"बाई, पुस्तकं?"

"वाचायला गेलीत, गुरुजी."

"कुठं?"

बाईनं माझ्याकडं बघितलं. मी तांदळाकडं बघितलं.

"घोडीवर," ती म्हणली.

गुरुजी खाली बसले, ते पोत्यावर बसले हे त्यांचं नशीब. मग हळू म्हणले, "बाई, जूनमधी तुमची तीन वर्षं भरत्यात. मी तुमच्यावर खोटं लिहिणार न्हाई, पण तुमच्यासाठीबी खोटं लिहिता येणार न्हाई मला. शुक्रवारी कप्पा असा दिसला तर साहेब शेरा मारणार. शेरा पडला की तुमची कायमची ऑर्डर गेली."

"शुक्रवारपर्यंत आणते."

"कुठनं?"

तिथंच तर सगळं अडलं. मेंढरंवाल्याचा पत्ता म्हंजी काय? ज्याचं रान मोकळं, त्यानं बोलवायचं. तिथं जाळीची वाघर लावून दोन-तीन रात्री मेंढरं बसवायची. लेंडीचं खत रानवाल्याला, जवारी आपल्याला. आज ह्याच्या रानात, परवा त्याच्या. म्हस्कूकडं मोबाईल होता, पण तो चार्ज व्हायचा रानवाल्याच्या घरी, रानवाला देईल तवा. मी गुरुजींच्या फोनवरनं सात वेळा लावला. सातही वेळा ती बया म्हणली, बंद हाय. शेवटचा फोन पारगावच्या पुलावरनं, आठ दिवसांमागं. भीमा ओलांडली म्हंजी आता शिरूर तालुका. तिथनं पुढं घोडनदीपर्यंत सगळी रानंच रानं.

बाई म्हणली, "मावशी, चला यवतला."

"आज सोमवार हाय."

"मास्तर लोक गावोगाव हायेत. आपण दोघी किती गावं फिरणार?"

माऊलीनं घड्याळ दाखवलं. "बाई, सहाला लाईट जाती. दहा मिनिटं हायेत."

मी सांगत गेले, ती बडवत गेली. "लिही, मेंढरं दोनशे, तोंडं काळी. पांढरी घोडी, डाव्या कानाला चीर. कुत्री दोन, एक बांडं."

आन् लाईट गेली. पंखा थांबला. कॉम्प्युटर खालच्या डब्यावर चालू राहिला आन् तो डबा टूं टूं करायला लागला.

"पाचच मिनिटं टिकतंय," माऊली म्हणला. "तीच धरून चाला."

मला अजून सांगायचं होतं, बाईनं हात वर केला. तिचं दोनदा चुकलं, दोनदा खोडलं. तिनं शेवटी स्वतःच्या मनानं एक ओळ घातली, निळ्या ताडपत्रीचा खिसेवाला पडदा झाडाला टांगलेला असंल. मग बटण दाबलं. पांढरं चक्र फिरत राहिलं. टूं टूं. आन् अंधार.

"गेलं का?" मी विचारलं.

"माहीत न्हाई," ती म्हणली.

रात्रभर तेच. गेलं का न्हाई गेलं. सकाळी शाळंत आली ती डोळे सुजवूनच.

मंगळवारी संध्याकाळी बघितलं तर गेलं होतं. अकरा जणांनी उत्तरं दिली होती. एक म्हणला, आमच्या गावात सध्या चार कळप हायेत, सगळ्यांची तोंडं काळीच. एकानं विचारलं, बोकड कसा दिला. बाई हसली न्हाई. मीबी न्हाई, म्हंजी तिच्या म्होरं न्हाई. पोपटानं एवढंच लिहिलं होतं, 'शोधतो.'

बुधवारी त्याचं लांबलचक उत्तर. बाई वाचत होती आन् तिच्या तोंडावरचा रंग उतरत होता. न्हावऱ्याच्या पुढं एका रानात त्याला बाभळीला निळा पडदा दिसला. लांबनं. मंगळवारी उन्हं उतरताना. हा गाडी लावून बांधावरनं गेला तवर पडदा गायब. मेंढरंवाल्याला विचारलं, तर तो म्हणला, पुस्तक कसलं, आमच्यात कुणाला वाचता येत न्हाई. बुधवारी पहाटं हा पुन्हा गेला तर रान मोकळं. कळपच हलला होता.

"मावशी, म्हस्कूमामा न्हाई तो. दुसराच कुणीतरी."

"तोच हाय," मी म्हणलं. "दुसरा असता तर पडदा लपवला नसता. त्या पोपटानं विचारलं काय नेमकं?"

पोपटानं तेबी लिहिलं होतं. 'मी म्हणालो, तुमच्याकडे शाळेची सरकारी पुस्तकं आहेत का.'

तिथंच सगळं फसलं होतं. आमच्या माणसाला पॅन्ट घातलेल्या माणसानं 'सरकारी' म्हणलं की एकच कळतं, काहीतरी जप्त होणार. जंगलखात्यानं मेंढरं पकडून नेलेली म्हस्कूनं बघितलेली, कोंडवाड्याच्या दारात बसलेला तो. त्यात त्याला वाटलं असणार, बाईच्या मागं कुणीतरी लागलंय, चौकशी आलीय. म्हणून त्यानं बाईला वाचवायला पुस्तकं लपवली, आन् बाईला वाचवायलाच रातोरात वाट बदलली. जेवढा जीव लावला तेवढा लांब गेला येडा.

"आता तो कुणालाच सांगणार न्हाई," बाई म्हणली. "मी लावलेल्या माणसालाच तो घाबरून पळाला. झालं मावशी. परवा शुक्रवार."

पहिल्यांदाच मी तिला रडताना बघितलं. रडली म्हंजी काय, चष्मा काढून पुसला, परत घातला, परत काढला. माऊली दुसरीकडं बघायला लागला.

मी म्हणलं, "सुले, त्या पोपटाचा नंबर दिलाय का त्यानं?"

"तुम्हीच म्हणला होता, नंबर घ्यायचा न्हाई."

"मी लई काय काय म्हणते. दिलाय का?"

दिला होता, खाली, शेवटच्या ओळीत. माऊलीच्या फोनवरनं लावला. मी तयारीत होते, चांगला झाडायचा म्हणून. तिकडनं आधी खोकला आला, मग एक म्हातारा आवाज. "बोला ताई, हौसराव बोलतोय. दीड वर्षं राहिलं रिटायरला. हे कॉम्प्युटरचं सुनबाई शिकवती. पोपटबी तिनंच लावला."

वर्षभर मी एका आजोबावर पहारा ठेवला होता.

"मास्तर," मी म्हणलं, "आता नीट ऐका. परत सरकार म्हणायचं न्हाई. पुस्तक म्हणायचं न्हाई. बाईचं नावबी घ्यायचं न्हाई. गाडी लांब लावायची, चालत जायचं, आन् एवढंच विचारायचं, झुंबरनं विचारलंय, बाटलीवरची लंगडी कोकरी जगली का."

"एवढंच?"

"एवढंच. ती कोकरी मी माझ्या चुलीपुढं आठ दिवस जगवलीय. ते म्हस्कूला आन् मला सोडून कुणाला ठाऊक न्हाई. मग तो तुमच्याशी बोलंल."

"आणि कळप कुठं शोधू?"

"उगवतीला जाऊ नका, तिकडं ऊस उभा हाय. कांदा काढलेली रानं बघा. आन् कुत्र्यांना भाकरी न्या."

गुरुवारी दिवसभर मास्तरांचा फोन न्हाई. संध्याकाळी आम्ही लावला, बंद. त्यांच्या गावाला लाईट नसंल, चार्जिंग संपलं असंल, मी शंभर कारणं सांगितली. बाईनं एकबी ऐकलं न्हाई. तिनं घरी जायच्या आधी पोरांच्या वह्या तपासल्या, सगळ्या, तारीख घालून, जशी काही दुसऱ्या बाईच्या ताब्यात द्यायच्या हायेत.

शुक्रवारी साहेब अकरालाच आले. जीप, संगं शिपाई, बगलेत फाईल. मी त्या दिवशी मुद्दाम ओलं सरपण लावलं होतं. आता साहेबानं खिचडीची चव घेऊन चवीच्या वहीत सही करायची असती, हा नियम हाय, आन् नियमाला मी काय करणार. धूर केला, पण खिचडी शिजू दिली न्हाई; सही होईतवर साहेब जागचे हलायचे न्हाईत.

"झाली का?" साहेब अर्ध्या तासानं.

"डाळ जुनी हाय साहेब. कच्ची खाऊन तुमचं पोट बिघडलं तर माझ्यावर यायचं."

त्यांनी पट मोजला, हजेरी बघितली, पोरांना पाढे विचारले. पोरांनी पाढे असे म्हणले की साहेब दोनदा मान हलवून गेले. मी मनात म्हणलं, म्हणा रं, सत्तावीसापर्यंत म्हणा. पण पाढ्यांनाबी शेवट असतो. साडेबाराला साहेब कपाटापुढं उभे राहिले. गुरुजींनी टाचणी काढायला सुरवात केली. ती टाचणी त्यांना सापडंना. मला वाटलं, हा माणूस आज मुद्दाम करतोय, आन् पहिल्यांदा मला गुरुजींची माया आली.

बाई म्हणली, "साहेब, कपाट उघडायची गरज न्हाई. खालचा कप्पा रिकामा हाय. पुस्तकं मी दिलीत, गुरुजींना न विचारता."

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. "कुणाला दिली?"

"मेंढरांमागं गेलेल्या सहा पोरांना. पटावरची पोरं हायेत."

"कुठे आहेत ती?"

"शिरूर तालुक्यात. नेमकं रान सांगता येत न्हाई."

"चाळीस पुस्तकं रानात. देवघेवीची नोंद?"

नोंद होती, पण तीबी रानातच.

साहेब टेबलाशी बसले आन् लिहायला लागले. पेनाचा आवाज येत होता. मी चुलीतनं धूर सोडत तिथंच उभी, डोळे पुसायला धुराचं निमित्त बरं होतं. दोन ओळी झाल्या, तिसरी सुरू झाली.

तवा फाट्याकडनं गाडीचा आवाज आला. फटफट करत, थांबत, परत फटफट. पडवीपुढं एक म्हातारा उतरला, डोक्याला रुमाल, पॅन्टला गुडघ्यापर्यंत चिखल. मागं निळं बोचकं, दोरीनं बांधलेलं. त्यानं सगळ्यांना सोडून मलाच विचारलं, "झुंबरबाई तुम्हीच ना? कोकरी जगलीय. उड्या मारती."

मी काही बोललेच न्हाई. ज्यांनी मला ओळखलंय त्यांना कळंल, ते किती अवघड होतं.

हौसराव मास्तरांना कळप रात्रीच सापडला होता. फोन मेला होता, रात्र त्यांनी म्हस्कूच्या घोंगडीवर काढली आन् पहाटं निघाले. बोचकं सोडलं. शाळाभर मेंढरांचा वास. साहेबांनी स्वतः मोजली. एकोणचाळीस. एका पुस्तकाचा कोपरा कुरतडलेला.

"एक कमी आहे," साहेब म्हणले.

मास्तरांनी पिशवीतनं वही काढली. शंभरपानी, कडा मळलेल्या. साहेबांनी पान उलटलं, मग दुसरं, मग चष्मा लावला. प्रगतीनं रेघा मारून रकाने पाडले होते. पुस्तकाचं नाव, कुणी नेलं, कुणाच्या रानात, कवा आलं. पारगावच्या पुलाखाली दोन दिवस. चिंचेखाली चार. रानवाल्याच्या पोरांनीसुद्धा पुस्तकं नेलेली, त्यांच्या सह्या. जिथं कोपरा कुरतडला तिथं लिहिलेलं, 'बांड्या कुत्र्यानं. माझी चूक.'

साहेब म्हणले, "गुरुजी, तुमच्या शाळेचं देवघेव रजिस्टर दाखवा बरं."

गुरुजींनी दाखवलं. अकरा वर्षांचं, कोरं, पानं एकमेकांना चिकटलेली.

साहेबांनी दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या. मग प्रगतीच्या वहीच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "हे चाळीसावं. वाचक म्हस्कू. 'परत आलं न्हाई, कारण अजून संपलं न्हाई. मी रोज थोडं वाचून दाखवते.' हा म्हस्कू कितवीत आहे?"

बाई तोंड उघडणार तवर गुरुजी बोलले. आयुष्यात पहिल्यांदा न विचारता बोलले असतील. "साहेब, तो दुसरीतनं सुटला होता आमच्याकडनं. राहिलेला अभ्यास करतोय."

साहेब हसले का न्हाई ते मला धुरात दिसलं न्हाई. त्यांनी आधी लिहिलेला कागद घडी करून खिशात घातला. नवा घेतला. प्रगतीच्या वहीत शेवटच्या ओळीखाली सही केली, तारीख घातली, शिपायाला शिक्का मारायला लावला. मग पडवीत येऊन म्हणले, "बाई, आता तरी ती डाळ शिजली का?"

"शिजली साहेब," मी म्हणलं. "आत्ताच."

जूनमधी सुलक्षणाबाईची ऑर्डर आली, कायम. ती वाचून दाखवताना तिनं मधीच थांबून मला विचारलं, "मावशी, त्या दिवशी सरपण ओलंच होतं का?" मी म्हणलं, सरपणाचं काय विचारतीस, पेढं आण.

म्हस्कू पाऊसकाळाच्या तोंडावर परत आला. घोडी वस्तीवर उभी करून आधी शाळंत गेला, चपला बाहेर काढून, छातीशी पुस्तक धरून. बाईनं वही उघडली, प्रगतीच्या हातात पेन दिलं. पोरीनं चाळीसाव्यापुढं लिहिलं, 'जमा.' म्हस्कू तिथंच घुटमळत राहिला. मग पोरीच्या कानात काहीतरी म्हणला. तिनं जमाच्या खाली आणखी एक ओळ लिहिली, आन् म्हस्कू तेच पुस्तक घेऊन परत घरी गेला.